लिनक्स बसवून द्याल, पण मग बघणार कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं यावर वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही. त्यात दोनच आवाज मोठे आहेत. एक म्हणतो, आठ-दहा वर्षं वापरलात ना, आता द्या भंगारात आणि नवीन घ्या, हप्त्यावर मिळतो. दुसरा म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मेलेला लॅपटॉप घोड्यासारखा पळेल, वर एक पैसा लागणार नाही. तो लॅपटॉप कोण वापरतं, त्यावर काय काम चालतं, अडलं तर ते माणूस कुणाकडे जातं, हे पहिला विचारत नाही. दुसराही विचारत नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मी त्याच बाजूचा आहे. गेली पंधरा वर्षं मी घरी आणि कामावर लिनक्सच वापरतो. तेव्हा हे भांडण मुख्यतः माझ्याच माणसांशी आहे.

माझं म्हणणं असं. घरातला, शाळेतला, वाचनालयातला जो लॅपटॉप केवळ विंडोज ११ बसत नाही म्हणून कपाटात गेला, त्यावर लिनक्स टाकणंच शहाणपणाचं आहे. मात्र लिनक्स टाकणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि सांभाळणं वर्षानुवर्षांचं. ज्या गावात सांभाळणारा माणूस नाही, तिथे आपण लॅपटॉपचं भंगारात जाणं फक्त सहा महिने लांबवतो. म्हणून खरी चर्चा व्हायला हवी ती या माणसाची: तो कुठून येणार, त्याला शिकवणार कोण आणि त्याचं पोट कशावर चालणार.

आधी यंत्राबद्दल. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे २०१६ साली कुणी चांगले पैसे मोजून आय-५ चा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला असेल, तर तो या रेषेच्या अलीकडे राहिला. त्याची कळफलकाची बटणं शाबूत आहेत, पडदा स्वच्छ आहे, प्रोसेसर पत्रं लिहायला, हिशेब मांडायला, व्हिडिओवरचं व्याख्यान ऐकायला भरपूर आहे. मग म्हातारं झालं ते काय? शिवाय लॅपटॉपच्या सगळ्या आयुष्यात जेवढा कार्बन हवेत जातो, त्यातला मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच गेलेला असतो. चालतं यंत्र फेकून नवं घेणं म्हणजे तो भार पुन्हा पहिल्यापासून उचलणं.

"मग विंडोज १० च चालू ठेवा की, काय बिघडतं?" असं बरेच जण म्हणतात. या सल्ल्याचा धोका लोकांना कळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी काहीच घडत नाही. विंडोज एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले. आपल्याकडची एटीएम त्यानंतरही एक्सपीवरच चालत राहिली आणि जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना तारखा घालून द्याव्या लागल्या. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा संगणकातल्या फाइली ओलीस धरणारा व्हायरस आठवा. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही आणि ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळणारच नव्हतं, ते सापडले. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात त्याच भगदाडाचाही वापर करणाऱ्या दुसऱ्या एका हल्ल्याने आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. एक वर्ष वाढवून मिळण्याची सोय विंडोज १० ला आहे, ती जरूर घ्यावी. पण ते एक वर्षच आहे. ज्या लॅपटॉपवर आजोबांचं पेन्शनचं खातं उघडतं, तो बिनअपडेटचा ठेवायला सांगणारा माणूस त्यांच्या पैशांची जबाबदारी घेणार आहे का?

आता माझ्या बाजूच्या लोकांचे दावे. लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप पळतो, हे अर्धं खरं. पळतो तो बऱ्याचदा त्याच दिवशी फिरती हार्डडिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी बसवली म्हणून. विंडोजवरही ती बसवली असती तर मोठा फरक पडलाच असता. चार जीबी रॅममध्ये ब्राउझरच्या पंधरा टॅब उघडल्या तर खाली कुठली सिस्टीम आहे याला फार अर्थ उरत नाही. लिनक्सला धोका नसतो, हेही खरं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या दिसणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशा कोडच्या तुकड्यात, कुणीतरी चोरदरवाजा पेरून ठेवलेला सापडला, आणि तो एका इंजिनीअरच्या चिकाटीमुळे वेळेवर सापडला. "तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सच आहे, मग अवघड काय?" हा युक्तिवाद तर मला मुळीच पटत नाही. फोन कंपनीने तयार करून, तपासून, सर्व्हिस सेंटरच्या पत्त्यासह दिलेला असतो. जुन्या लॅपटॉपच्या मागे तसं कुणी उभं नसतं. आणि आम्ही लिनक्सवाले जुनं कायमचं सांभाळतो, ही समजूतही चुकीची आहे. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं, त्याच ३८६ चा आधार २०१२ साली कर्नेलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढून टाकला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये जुन्या ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. आपणही रेषा ओढतो. आपली रेषा बरीच मागे आहे एवढंच, आणि ते सांगायला पुरेसं आहे.

लिनक्स फुकट आहे, हा सगळ्यात लाडका मुद्दा. आपल्याकडे तो लागूच पडत नाही. तालुक्याच्या गावी विंडोजसाठी कुणी पैसे मोजलेत? दुकानदार तीन-चारशे रुपये घेतो, क्रॅक केलेली विंडोज टाकतो, परवान्याची तपासणी चुकवणारा ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करतो आणि लॅपटॉप परत देतो. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही फुकट. त्यातल्या एकाबरोबर दुकानदार मिळतो, दुसऱ्याबरोबर नाही. तो दुकानदाराकडे जाणार नाही तर काय करणार?

हे मला भाचीच्या लॅपटॉपने शिकवलं. २०१३ चा लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-३, चार जीबी रॅम. बटण दाबल्यावर पंख्याचा घूं-घूं आवाज सुरू व्हायचा आणि काम करण्याजोगा व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. दिवाळीत तासगावला गेलो तेव्हा दोनेक हजारांची एसएसडी आणि मिंट या लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊनच गेलो. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे तिची पदवी होईपर्यंतची चिंता मिटली. मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीवर धुळीची अक्षरशः लोकरीसारखी पट्टी बसली होती. ती चिमट्याने ओढून काढली. अर्ध्या तासात मिंट बसलं, पण वाय-फायचं नावच दिसेना. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरशिवाय नाही. तिचा फोन यूएसबीच्या वायरने जोडला, टेदरिंग चालू करून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, दहा मिनिटांत ड्रायव्हर आला. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी लावून दिली. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय असलेल्या माझ्या बहिणीसाठी गमभनची मांडणीही होती, तीही लावली. भाची त्याच संध्याकाळी प्रोजेक्ट लिहायला बसली. मी समाधानाने पुण्याला आलो.

तीन आठवड्यांनी तिचा फोन. "मामा, कॉलेजच्या फॉर्मची प्रिंट निघत नाहीये. आज शेवटची तारीख आहे." घरी जो छोटा लेझर प्रिंटर होता, तो आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतो आणि लिनक्सवर फार त्रास देतो. मी मीटिंगमध्ये होतो. फोनवर कमांड सांगत बसलो, एक अक्षर चुकलं, ती रडकुंडीला आली. शेवटी मोबाइलवरून फाइल झेरॉक्सच्या दुकानात पाठवून तिने प्रिंट काढली. रात्री मेहुण्यांनी एवढंच विचारलं, "आधीचंच परत टाकून मिळेल का?" त्यांचं काय चुकलं? माझ्याजवळ पंधरा वर्षांचा अनुभव होता, पण तो दोनशे किलोमीटरवर होता. भाचीला तो त्या दुपारी, तासगावात हवा होता.

आमच्या भागात ही गोष्ट लोकांना फार आधी कळलेली आहे. जवळच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, या समजापायी शेतकरी तो घेईनात, ही कथा इथली शाळकरी मुलंही सांगतात. नव्या गोष्टीला लोक घाबरतात याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते. मला मात्र तिच्यापेक्षा पुढच्या काळातलं ऑइल इंजिन जास्त शिकवतं. आमच्या विहिरीवरचं इंजिन माझ्या जन्माच्या आधीचं आणि मी नोकरीला लागलो तेव्हाही चालू होतं. का चाललं? ते भक्कम होतं, हे खरंच. पण बाजाराच्या प्रत्येक गावात नोझल मिळायची, पिस्टनच्या रिंगा मिळायच्या आणि सायकलवर पाने-पकडी बांधून विहिरीपर्यंत येणारा मिस्त्री मिळायचा. त्या मिस्त्रीने इंजिनाच्या तत्त्वज्ञानावर कधी भाषण दिलं नाही. तो आला, काळ्या हातांनी चहा प्यायला आणि पाणी सुरू करून गेला.

समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा सॉफ्टवेअरचा. हिशेबाची टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. फ्लेक्सच्या दुकानातलं कोरलड्रॉ चालत नाही. लग्नपत्रिका आणि स्मरणिका करणाऱ्या डीटीपीवाल्याचं पेजमेकर आणि श्रीलिपी चालत नाही. निविदा भरणाऱ्याच्या डिजिटल सहीच्या टोकनाची वेगळी डोकेदुखी, काही ऑनलाइन परीक्षांची वेगळी. यावर "वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून) चालवून बघा" असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. ज्याची रोजी-रोटी या सॉफ्टवेअरवर आहे त्याने विंडोजच ठेवावी, जमेल तेव्हा नवं यंत्र घ्यावं. लिनक्सवाल्यांनी त्याच्या दारात जाऊच नये. पण घरातल्या किती लॅपटॉपवर टॅली असते? दहावीच्या मुलाला, निवृत्त आजोबांना, वाचनालयातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ब्राउझर, पीडीएफ, मराठी लिहिण्याची सोय आणि एखादा व्हिडिओ एवढंच लागतं. कोरलवाल्याची अडचण पुढे करून या सगळ्यांना नवा लॅपटॉप घ्यायला लावणं कुठला न्याय?

डीटीपीवाल्याच्या अडचणीत एक वेगळी गोष्टही दडलेली आहे, आणि मराठी माणसाने तिच्याकडे नीट पाहावं. गेल्या तीस वर्षांत आपण जे मराठी टाइप केलं त्यातलं किती तरी अशा फाँटमध्ये आहे, की तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. गावोगावच्या संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, कवितासंग्रह त्या खिचडीत अडकलेत. हे आपल्यावर आधीही गुदरलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी लिपी शाळांतून गेली, आणि आज पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, वाचणाऱ्याची वाट बघत पडलेत. मोडी निदान माणसाला शिकता येते. एका कंपनीच्या फाँटमध्ये बंद असलेला मजकूर त्या कंपनीची इच्छा असेपर्यंतच वाचता येतो. युनिकोडकडे, म्हणजे कुठल्याही फाँटमध्ये वाचता येणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीकडे, जाणं हे लिनक्ससाठी करायचं काम नाही, ते मराठीसाठी आज ना उद्या करायचंच आहे. आणि ते झालं की डीटीपीवाल्याला बांधून ठेवणारी निम्मी दोरी आपोआप सुटते. लिनक्सवर छान दिसणारे लोहित फाँट पुण्यातल्या रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या माणसांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून दिलेत, हे आपल्या लोकांना ठाऊकही नसतं.

मुलांना नोकरी मिळायची तर विंडोज आणि वर्डच शिकवायला हवं, हा पुढचा मुद्दा. सरकारी नोकरीसाठी एमएससीआयटी लागते आणि तिथे तेच शिकवतात, म्हणून पालकांना वाटणारी काळजी खोटी नाही. पण ज्यांनी नव्वदच्या दशकात वर्डस्टार आणि लोटस हे तेव्हाचे प्रोग्रॅम पाठ केले, त्यांचं काय झालं? ज्यांनी बटणं पाठ केली ते अडकले. ज्यांना परिच्छेद म्हणजे काय, सूत्र म्हणजे काय, फाइल कुठे ठेवली जाते हे कळलं, त्यांचं कुठेच अडलं नाही. आज पाचवीत असलेल्या मुलाला नोकरी लागेपर्यंत आजची एकही खिडकी आज आहे तशी राहणार नाही. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये बेरीज शिकलेल्या मुलाला एक्सेलमध्ये बेरीज करायला किती वेळ लागेल?

मग जर्मनीतल्या म्युनिकचं उदाहरण निघतं, आणि ते निघायलाच हवं. त्या महापालिकेने २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं, सुमारे पंधरा हजार संगणक बदलले आणि २०१७ साली परत विंडोजकडे फिरायचा ठराव केला. त्याला निव्वळ राजकारण म्हणणारे आमचे मित्र स्वतःची समजूत घालतात. राजकारण होतंच, पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. याउलट फ्रान्सचं जांदार्मेरी हे पोलीस दल. त्यांनी आधी २००५ मध्ये विंडोजवरच वर्डच्या जागी ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड, आणि हाताला त्यांची सवय झाल्यावर २००८ पासून खालची विंडोज काढून उबुंटू हे लिनक्स घातलं. ते आजही त्यावर आहेत. माणसं रोज बघतात तो ब्राउझर आणि लिहितात ते पान. ते ओळखीचं राहिलं तर खालची जमीन बदललेली फारशी जाणवत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर मीही हेच करायला हवं होतं. महिनाभर विंडोजवरच लिब्रेऑफिस वापरायला द्यायचं, त्या महिन्यात घरचा प्रिंटर तपासायचा, आणि मग पेनड्राइव्ह काढायचा.

लांब कशाला, केरळ बघा. तिथे शाळांसाठीचा आयटी ॲट स्कूल प्रकल्प २००१ साली सुरू झाला, पुढे त्याने शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि २०१७ पासून काइट ही सरकारी कंपनी ते काम बघते. त्यांची सिस्टीम उबुंटूवरच बेतलेली आहे, म्हणजे ती कुणालाही मिळते. मग इतर राज्यांत तसं का झालं नाही? सिस्टीमच्या जोडीला त्यांनी मास्टर ट्रेनर उभे केले, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकंच त्या सॉफ्टवेअरवर लिहिली. मल्याळी मुलाला जे दिसतं ते त्याच्या भाषेत, आणि बंद पडलं तर फोन कुणाला करायचा हे त्याच्या बाईंना माहीत असतं. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात. त्याच सी-डॅकने २००७ साली बॉस नावाचं भारतीय लिनक्स दिलं. ते आपल्या गावच्या शाळेत कधी कुणी पाहिलंय?

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत कुणी तरी देणगी दिलेले, आमदार निधीतून आलेले, कपाटात कुलूपबंद पडलेले लॅपटॉप आहेत. सुट्टीत येऊन एका दिवसात दहा लॅपटॉपवर लिनक्स टाकून, फोटो काढून जाणारे उत्साही तरुण मी पाहिलेत, त्यांच्यात मीही होतो. पुढच्या वर्षी त्यातले सात बंद होते. एकाचा पासवर्ड बाईंची बदली झाल्यामुळे कुणालाच माहीत नव्हता. त्यापेक्षा दोनच लॅपटॉप घ्यावेत, पासवर्ड वहीत लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, आणि तालुक्यातला एक माणूस महिन्यातून एकदा येऊन जाईल एवढी तरतूद करावी. आयटीआयच्या कोपा या संगणकाच्या ट्रेडमधली मुलं दरवर्षी बाहेर पडतात आणि मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड लावायला लागतात. त्यांना हे काम का मिळू नये? त्यांना शिकवायला हवं तेही थोडकंच आहे: कुठला लॅपटॉप घ्यावा, कुठल्याला हात लावू नये. बॅटरी फुगलेला परत पाठवायचा, ३२-बिटचा परत पाठवायचा, दोन जीबी रॅमचा आणि रॅम वाढत नसलेला परत पाठवायचा, आणि गिऱ्हाइकाला टॅली लागत असेल तर लॅपटॉप उघडायच्या आधीच नाही म्हणायचं.

प्रिंटरच्या प्रकरणानंतर मी तासगावच्याच एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बाजारपेठेत जिन्याखाली टपरीएवढं दुकान, काउंटरवर उघडे पडलेले चार लॅपटॉप. मिंट चालवून दाखवलं. त्याने मन लावून बघितलं आणि विचारलं, "सर, ह्याचं ॲक्टिव्हेशन कसं करायचं?" करावं लागत नाही, म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग गिऱ्हाइकाकडनं मी पैसे कशाचे घेऊ?" पंधरा वर्षांत लिनक्सबद्दल मला कुणी विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. आम्ही कधी त्याच्या दुकानाचा हिशेब मांडलाच नव्हता. त्या दिवशी दोघांनी बसून मांडला. ड्रायव्हर, मराठी आणि घरचा प्रिंटर लावून द्यायचा; तीन महिन्यांत काही अडलं तर पुन्हा पैसे नाहीत; एकूण आठशे रुपये.

त्याने एक वही केली आहे. परवा गेलो तेव्हा तिच्यात अकरा नावं होती. त्यातले चार जण विंडोजवर परतले: दोघे टॅलीसाठी, एक प्रिंटरपायी, एकाला सवयच होईना. बाकीचे सात चालू आहेत. त्यांच्यात भाचीही आहे. तिच्या प्रिंटरचं काम त्याने घरी जाऊन मार्गी लावलं. काय केलं ते मी विचारलं नाही, आणि तिचा मला त्यासाठी पुन्हा फोन आला नाही.